गोल्फ खेळणाऱ्या नातीला मावशीआजीचा कानमंत्र

बाळ, आपल्या नाशकात 'गोल्फ क्लबवर जाऊन येते' असं कुणी म्हटलं की त्याचा अर्थ चालायला जाऊन येते, एवढाच असतो. हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानाला गाव अजूनही गोल्फ क्लबच म्हणतं. तिथे रणजीचे सामने होतात, पहाटे जॉगिंग ट्रॅकवर गर्दी असते, पण गोल्फची काठी घेतलेलं माणूस मी तिथे आजवर पाहिलेलं नाही. त्यामुळे तू पुण्याहून फोन करून "मावशीआजी, पुढच्या वर्षी मी प्रो होणार" म्हणालीस, तेव्हा मला आनंद झाला आणि पाठोपाठ काळजीही वाटली. तुझी आई म्हणाली, "मावशी, खेळाचं तिचे कोच बघतील. पैशाचं काय करायचं ते तू सांग."

मला गोल्फ येत नाही. पण क्रीडाशिक्षिका म्हणून पस्तीस वर्षं मी मुलींसाठी सातपूर-अंबडच्या कंपन्यांचे जिने चढले आहे. मदत मागायची कशी, मिळालेली टिकवायची कशी आणि ती कुणाच्या चुकीनं जाते, हे मी पाहिलेलं आहे. गेले दोन महिने तुझ्या खेळाचा हा भाग वाचून काढला, आणि लक्षात आलं की अमेरिकेतल्या बायकांचंही दुखणं आपल्यासारखंच आहे.

आधी एक फरक डोक्यात पक्का कर. आपल्या जिल्ह्यातली कविता राऊत घे. हरसूलकडच्या सावरपाड्याची पोर, सुरुवातीला अनवाणी धावायची. नाशकात प्रशिक्षक विजेंद्रसिंगांच्या हाताखाली तयार झाली. २०१० च्या दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १० हजार मीटरला कांस्यपदक मिळवलं. ट्रॅकवरच्या वैयक्तिक शर्यतीत भारताला राष्ट्रकुलचं पदक मिळालं ते मिल्खासिंगांनंतर ५२ वर्षांनी. त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्यही आणलं. तिच्यामागे ओएनजीसीची नोकरी होती. आपल्याकडे धावणाऱ्या मुलीचा खरा प्रायोजक म्हणजे सरकारी कंपनीतली नाहीतर रेल्वे-पोलिसातली नोकरी. दुखापत झाली तरी महिन्याचा पगार येतो.

तुझं तसं नाही. तुझी स्पर्धा तीन-चार दिवसांची. पहिल्या दोन दिवसांनंतर कट लागतो, म्हणजे मागे पडलेल्या खेळाडू बाहेर होतात, आणि प्रोच्या स्पर्धेत तो चुकला की बहुतेक ठिकाणी हातात काही पडत नाही. विमानाचं तिकीट, हॉटेल, कॅडी, प्रवेश फी सगळं तुझ्या खिशातून गेलेलं असतं. म्हणून बक्षिसाच्या रकमेवर घर चालेल असा हिशोब कधी मांडू नकोस. वर्षाचा खर्च आधी लिही, बक्षीस शून्य धर, आणि मग किती कमी पडतंय ते बघ. तो आकडा घेऊनच दारोदार जायचं. "थोडी मदत करा" म्हणणाऱ्याला थोडीच मदत मिळते.

आणि प्रो होण्याची घाई करू नकोस. हौशी खेळाडूंबद्दलचे नियम १ जानेवारी २०२२ पासून बदलले आहेत. पूर्वी हौशी खेळाडूनं प्रायोजकाचे पैसे घेतले तर तिचा दर्जा जायचा. आता नव्या नियमांत ती आडकाठी राहिलेली नाही, बक्षिसाच्या पैशावर मात्र मर्यादा आहे. तुझ्या संघटनेकडून लेखी खात्री करून घे आणि प्रायोजक आत्ताच, हौशी असतानाच शोधायला लाग. उडी मारायच्या आधी खाली जाळी बांधलेली असावी.

मागायला लाजू नकोस. १९५० मध्ये अमेरिकेत १३ बायकांनी मिळून एलपीजीए ही बायकांच्या व्यावसायिक गोल्फची संघटना काढली. पॅटी बर्ग पहिली अध्यक्ष. बेब झहारियास, लुईस सग्ज, मॅरिलिन स्मिथ अशा एकेक मोठ्या खेळाडू. पण खेळायचंही त्यांनीच, मैदान आखायचं त्यांनीच, नियमाचे वाद सोडवायचे आणि धनादेश लिहायचे तेही त्यांनीच. एका गावाहून दुसऱ्या गावाला मोटारींचा ताफा करून जायच्या. स्पर्धेला लोक यावेत म्हणून कुणी बेसबॉलच्या मैदानात जाऊन चेंडू मारून दाखवायची, कुणी बॉक्सिंगच्या रिंगणात चढून माइकवरून निमंत्रण द्यायची. जगातल्या पहिल्या फळीच्या खेळाडू होत्या त्या, आणि त्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. आपल्याकडच्या चांगल्या घरातल्या मुलींना मागायला जायचं म्हटलं की मान खाली जाते. मी सांगते, तू भीक मागत नाहीस. तुझ्याकडे देण्यासारखं काहीतरी आहे, ते घेऊन जातेस.

ते काय, हे मात्र तुला नेमकं सांगता आलं पाहिजे. त्या १३ जणींना सुरुवातीला हात देणाऱ्यांत बायकांचे सूट बनवणारा ॲल्विन हँडमाकर होता. त्याच्या वेदरवेन नावाच्या कपड्यांसाठी त्यानं देशभर फिरणारी स्पर्धा भरवली. त्याला गिऱ्हाईक हवं होतं बायकांचं, आणि या बायका गावोगाव लोकांच्या नजरेत होत्या. व्यवहार सरळ होता. तूही कंपनीत जाण्याआधी स्वतःला विचार, हा माल कोण घेतं, आणि ते लोक मला कुठे भेटतात?

आणि तुझ्या खेळात एक गोष्ट अशी आहे की मला माझ्या धावणाऱ्या मुलींसाठी तिचा हेवा वाटतो. स्पर्धेच्या आधी प्रो-ॲम होतो ना? प्रायोजक आणि त्याचे पाहुणे तुमच्या बरोबरीनं १८ होल खेळतात, चार-पाच तास. कविताच्या मागे १० हजार मीटर कुठला कारखानदार धावणार होता? कसोटीच्या मैदानात बॅट घेऊन कोण उतरणार? एखादा माणूस चार तास तुझ्या शेजारून चालतो आणि त्या वेळात तुला त्याला जिंकता येत नसेल, तर दोष प्रायोजकाला देऊ नकोस. त्या दिवशी मोबाइल पिशवीत ठेव. त्याचा चेंडू झाडीत गेला तर तूही शोधायला जा. त्याच्या धंद्याबद्दल विचार आणि उत्तर लक्षात ठेव.

आता पैशाच्या दोन खिशांबद्दल. हे मला फार उशिरा कळलं, म्हणून तुला आधीच सांगते. मोठ्या कंपनीत तुझ्या कामाचे दोन खिसे असतात. एक जाहिरातीचा, दुसरा सीएसआरचा, म्हणजे कंपनीच्या सामाजिक जबाबदारीचा. २०१३ च्या कंपनी कायद्याप्रमाणे, ज्या कंपनीचा वर्षाचा निव्वळ नफा पाच कोटी किंवा त्याहून जास्त आहे, किंवा उलाढाल एक हजार कोटी, किंवा नेटवर्थ पाचशे कोटी किंवा त्याहून जास्त आहे, तिनं मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करायचे असतात. त्या कामांच्या यादीत ग्रामीण, राष्ट्रीय मान्यतेच्या, पॅरालिम्पिक आणि ऑलिम्पिक खेळांचं प्रशिक्षण आहे. गोल्फ २०१६ मध्ये ११२ वर्षांनी ऑलिम्पिकमध्ये परत आला, त्यामुळे तोही त्यात बसतो. पण या खिशातून जाहिरात करता येत नाही. आपल्या मालाचा गाजावाजा व्हावा म्हणून दिलेली प्रायोजकता सीएसआरमध्ये धरायची नाही, असं २०२१ च्या नियमांत स्पष्ट लिहिलं आहे. शिवाय ते पैसे साधारणपणे नोंदणी झालेल्या संस्थेमार्फत येतात, थेट तुझ्या बँक खात्यात नाहीत.

म्हणून एकाच पत्रात "तुमचा लोगो टोपीवर लावीन" आणि "सीएसआरमधून मदत करा" असं दोन्ही लिहू नकोस. लोगोची गोष्ट मार्केटिंगच्या माणसाशी बोलायची. मुलींच्या प्रशिक्षण शिबिराची गोष्ट सीएसआरच्या माणसाशी, आणि तीही एखाद्या संस्थेला पुढे करून. मी कित्येक वर्षं चुकीच्या टेबलासमोर बसून होकाराची वाट पाहिली. आणि नव्या वर्षाचं बजेट ठरण्याआधी जायचं, दिवाळीनंतर लगेच. मार्च अखेरीला गेलीस तर चहा मिळेल आणि "पुढच्या वर्षी बघू" ऐकून परत येशील.

आता जे सांगते आहे ते नीट ऐक, कारण हे माझ्या हातून घडलेलं आहे.

एका वर्षी आम्ही मुलींची क्रॉस कंट्री शर्यत घेतली. एका कारखानदारांनी पहिल्या सहा जणींना धावायचे चांगले बूट दिले होते. नुसता धनादेश पाठवून ते थांबले नाहीत. मुलींच्या पायांची मापं मागवून घेतली आणि प्रत्येक खोक्यावर नाव लिहून आणलं. बक्षीस समारंभ काही दिवसांनी, दुपारी दोनला होता. प्रमुख पाहुणे साडेचारला आले. मी पाहुण्यांसाठी थांबले. पेठ, सुरगाणा, हरसूलकडच्या मुली मात्र थांबू शकत नव्हत्या, त्यांची एसटी निघून गेली असती. मी माइकवरून नाव पुकारत होते आणि कुणी पुढे येत नव्हतं. सहापैकी चार जणी गेलेल्या. ते गृहस्थ हातात बुटाचं खोकं घेऊन व्यासपीठावर उभे. त्यांनी आपल्या म्हाताऱ्या आईलाही मुलींना बघायला आणलं होतं. त्या पहिल्या रांगेत बसल्या होत्या. त्यांनी मला विचारलं, "बाई, मुली कुठं आहेत?"

पुढच्या वर्षी त्यांनी नम्रपणे नाही म्हटलं. मला राग आला नाही. मुलींचाही दोष नव्हता, त्यांना हे बूट कुणी दिले हे मी सांगितलंच नव्हतं. वेळ मी ठरवली होती, वाट पाहायची मी ठरवली होती. जबाबदार मी होते, तेव्हा चूक माझीच.

अगदी असंच तुझ्या खेळात सगळ्यात वरच्या पायरीवर घडलं. नोव्हेंबर २०२२. एलपीजीएची हंगामाची शेवटची स्पर्धा, फ्लोरिडातल्या नेपल्सला. सीएमई ग्रुप ही शिकागोची कंपनी प्रायोजक. एकूण बक्षीस ७० लाख डॉलर, विजेतीला २० लाख, तोवर बायकांच्या गोल्फमधलं सगळ्यात मोठं पहिलं बक्षीस. त्या आठवड्यात कंपनीनं पाहुण्यांना जेवण दिलं आणि त्या जेवणाला एकही खेळाडू आली नाही. कंपनीचे प्रमुख टेरी डफी यांनी ही नाराजी उघडपणे बोलून दाखवली. त्यांनी बोट ठेवलं ते खेळाडूंवर नाही, एलपीजीएच्या नेतृत्वावर. आयुक्त मॉली मार्कू समान यांनी जबाबदारी स्वतःकडे घेतली. ते वाचताना माझ्या डोळ्यांसमोर पहिल्या रांगेतल्या त्या आजी आल्या.

पुढचंही सांगते. सीएमई निघून गेली नाही. जबाबदारी घेतली गेली, बोलणी झाली, आणि २०२४ मध्ये त्याच स्पर्धेचं बक्षीस १ कोटी १० लाख डॉलरवर गेलं. विजेत्या जीनो थिटिकुलला ४० लाख डॉलर मिळाले. चूक कबूल केली की नातं सांधतं. मी माझ्या कारखानदारांच्या घरी जाऊन त्यांच्या आईची माफी मागायला हवी होती. तेव्हा सुचलं नाही.

तेव्हा प्रायोजकाच्या कार्यक्रमाला दहा मिनिटं आधी जायचं, खेळ वाईट झाला असला तरी. स्पर्धा संपल्यावर हातानं लिहिलेलं पत्र पाठवायचं. ही माझ्या वयाची हौस म्हणू नकोस. माइक व्हॅन २०१० मध्ये एलपीजीएचा आयुक्त झाला, तेव्हा संघटनेची अवस्था वाईट होती. स्पर्धा घटत घटत २०११ मध्ये २३ वर आल्या. त्यानं काय केलं, तर दर स्पर्धेआधी खेळाडूंच्या हातात प्रायोजकाची माहिती द्यायला सुरुवात केली. ही कंपनी काय करते, तिचा प्रमुख कोण, तिनं हे पैसे का लावले. आणि खेळाडूंना आभाराची पत्रं लिहायला लावली. काही वर्षांत स्पर्धा तीसच्या वर गेल्या. फक्त पत्रांनी गेल्या असं मी म्हणत नाही, पण ज्या घरात आभार मानायची सवय असते तिथे पाहुणा पुन्हा येतो.

त्याच्या आधी आयुक्त होत्या कॅरोलिन बिव्हन्स. त्या पदावरची पहिली स्त्री. २००५ ला आल्या. संस्था स्वतःच्या पायावर उभी करायची त्यांची इच्छा खरी होती, हे मान्य केलं पाहिजे. पण जुन्या आयोजकांकडून जास्त पैसे मागताना त्यांची अडचण ऐकून घेतली गेली नाही, आणि वरून २००८ ची मंदी आली. एकामागून एक स्पर्धा गेल्या. त्याच वर्षी परदेशी खेळाडूंना इंग्रजी आलंच पाहिजे, नाहीतर निलंबन, असा नियम काढला. तो इतका अंगाशी आला की काही आठवड्यांत मागे घ्यावा लागला. ज्या प्रायोजकांना खूश करायला तो काढला, त्यांच्यातलेच काही नाराज झाले. जुलै २००९ मध्ये आघाडीच्या खेळाडूंनीच त्यांच्या राजीनाम्याची मागणी केली आणि त्या गेल्या.

हे तुला का सांगते? उद्या तुला खेळाडूंच्या समितीवर ये म्हणतील. "मला सराव आहे" म्हणून टाळू नकोस. संघटनेचा कारभार बघणारे आणि मैदानात खेळणारे एकमेकांशी बोलले नाहीत की खुर्च्या रिकाम्या राहतात. आणि समितीवर गेलीस तर भांडण आत कर, बाहेर एका आवाजात बोल. कोण नेता चांगला, हे ओळखायची माझी एक खूण आहे. तो प्रायोजकाला खेळाडूंची अडचण सांगू शकतो का, आणि खेळाडूंना प्रायोजकाची? एकाच बाजूचं बोलणारा कितीही गोड असला तरी उपयोगाचा नाही.

आपल्या देशात तुझ्या खेळाचा बराचसा भार एका नावावर आहे. देशातला बायकांचा प्रो टूर हीरो कंपनीच्या नावानं चालत आला, वुमेन्स इंडियन ओपनही हीरोचंच. त्या स्पर्धेत २०१६ मध्ये १८ वर्षांची अदिती अशोक जिंकली, लेडीज युरोपियन टूरवर जिंकणारी पहिली भारतीय. अशी कंपनी वर्षानुवर्षं पाठीशी राहते याबद्दल कृतज्ञ राहा. पण कुठलाही खेळ एकाच खांबावर उभा असू नये, आणि तूही राहू नकोस. तीन लहान प्रायोजक एका मोठ्यापेक्षा बरे. द्राक्षं निर्यात करणारा, हॉस्पिटल चालवणारे डॉक्टर, अंबडला सुटे भाग बनवणारा, असे तिघे मिळाले आणि एक गेला, तरी तुझी बॅग विमानात चढते.

बोली तोंडी ठेवायची नाही. मला एका कंपनीच्या साहेबांनी वर्षभराच्या किटचा शब्द दिला होता. जूनमध्ये त्यांची बदली झाली, नवे साहेब म्हणाले, "असं काही फाइलमध्ये नाही." २४ मुली जुन्याच टीशर्टवर खेळल्या. त्या दिवसापासून भेट झाली की संध्याकाळीच मी पत्र पाठवायची, "आज आपलं असं असं ठरलं." तू ईमेल कर. करार आला की वकिलाला दाखव आणि चार गोष्टी बघ. किती वर्षांचा आहे, तुझा फोटो ते किती काळ वापरणार, बक्षिसात वाटा मागतात का, आणि तुला दुखापत झाली किंवा पुढे बाळंतपण आलं तर पैसे थांबतात का. शेवटचा मुद्दा विचारायला संकोच करू नकोस. पुरुष खेळाडूला तो विचारावा लागत नाही, म्हणून छापील करारात तो बऱ्याचदा नसतो.

हे आता तुझ्या आईसाठी. टोकियो ऑलिम्पिकमध्ये अदितीची बॅग तिच्या आईनं उचलली होती, आणि ती चौथी आली, कांस्यपदक एका फटक्यानं हुकलं. डाव्या हातानं खेळणारी, कानाला ऐकू न येणारी दीक्षा डागर २०१९ मध्ये दक्षिण आफ्रिकेत जिंकली. तिचे लष्करातले वडीलच तिचे कोच आणि कॅडी. आपल्याकडचा पहिला प्रायोजक आई-बापच असतो. पण पोरी, त्याचाही हिशोब ठेव. लेकीच्या नावाचं खातं वेगळं, घराचं वेगळं. प्रायोजकाला वर्षाअखेरी एक पानाचा जमाखर्च द्या, न मागता. मी देत असे, आणि दुसऱ्या वर्षीचा होकार मला बहुतेक वेळा त्या एका पानानं मिळवून दिला.

बाळ, तुझ्यासाठी मी एकांची वेळ घेतली आहे. सातपूरला त्यांचा कारखाना आहे आणि ते स्वतः गोल्फ खेळतात. येत्या गुरुवारी सकाळी अकरा वाजता. तू पावणेअकराला गेटवर पोहोच, पाससाठी आधार कार्ड जवळ ठेव, आणि वर्षाच्या खर्चाचा तो कागद दोन प्रतींत आण. मी आत येणार नाही, बोलायचं तुझं तू.